दुसरी प्रत कुठे आहे?

पूर्वी घरोघरी पलंगाखाली किंवा माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असे. लग्नातले फोटो, आजोबांची पत्रे, मुलांच्या जन्मपत्रिका, घराचे खरेदीखत, कुणाचे तरी चौथीचे प्रगतिपुस्तक, असा सगळा ऐवज तिच्यात एकत्र नांदत असे. वाळवी, ओल आणि उंदीर एवढेच तिचे शत्रू. कागद पिवळा पडे, फोटोंवर बुरशीचे डाग येत. पण हे सारे वर्षानुवर्षे आणि डोळ्यांदेखत चाले, त्यामुळे सावध व्हायला सवड मिळे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही ट्रंक आपण आधी संगणकात आणि मग फोनमध्ये रिकामी केली. जागा वाचली, परदेशातल्या भाचीला फोटो क्षणात धाडता येऊ लागले, हे सगळे खरे. मात्र हार्ड डिस्क कागदासारखी पिवळी पडत नाही. ती काल रात्री चाललेली असते आणि आज सकाळी चालत नाही.

संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात माझी सव्वीस वर्षे गेली. बंद पडलेली डिस्क लोक रुमालात किंवा जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : दुसरी प्रत कुठे आहे? दहातल्या आठ जणांकडे याला उत्तर नसते.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांच्या पत्नीला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या पाठ होत्या. मुलीने आईला बसवून त्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या, डिस्कवर उतरवल्या आणि पुढे फोन बदलला. काही काळाने बाई गेल्या. त्यानंतर एके दिवशी ती डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. आतल्या चकतीवर ओरखडे उठले होते. धूळविरहित खोलीत डिस्क उघडून काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे आम्ही ती पाठवली. पाच आठवड्यांनी ती जशीच्या तशी परत आली. सरांनी ती पिशवीत ठेवली आणि शांतपणे विचारले, "म्हणजे आता नाहीच का हो?" त्या ओव्या वाचवायला एक जास्तीची डिस्क पुरली असती. घरातला माहितीचा साठा कसा ठेवावा, हा विषय म्हणूनच मला केवळ यंत्रांचा वाटत नाही.

साठा किती, ते आधी मोजा

दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून एक हिशेब करावा. फोनवर काढलेला फोटो दोन ते चार मेगाबाइटचा असतो. म्हणजे दहा हजार फोटो झाले तरी चाळीस गीगाबाइटच्या आत. खरी जागा खातो तो व्हिडिओ. आजच्या फोनवर '४के' दर्जाचे चित्रण मिनिटाला साधारण १७० ते ३५० मेगाबाइट घेते. नातवाच्या स्नेहसंमेलनाचा अर्ध्या तासाचा नाच पाच-दहा गीगाबाइट सहज व्यापतो. २००० सालाच्या आसपासच्या हँडीकॅमच्या छोट्या डीव्ही टेप तुमच्या कपाटात असतील, तर एका तासाची टेप मूळ दर्जात उतरवायला सुमारे तेरा गीगाबाइट लागतात.

चौकोनी कुटुंबाचा साठा असा मोजला, तर तो एक-दोन टेराबाइटपर्यंत जातो आणि दरवर्षी वाढतो. म्हणून आजची गरज मोजावी, तिची दुप्पट करावी आणि पुढे वाढवता येईल अशीच व्यवस्था निवडावी. खोक्यावर चार टेराबाइट लिहिलेली डिस्क संगणकाला जोडली, की तो सुमारे ३.६ दाखवतो, यात फसवणूक नसते. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक.

याच वेळी साठ्याचे दोन ढीग करावेत. एक, पुन्हा मिळू शकेल असा : सिनेमे, गाणी, प्रोग्रॅम. दुसरा, गेला तर कायमचा गेला असा : माणसांचे आवाज, घरचे फोटो, पत्रे, स्वतः लिहिलेले काही. सरकारी कागदपत्रांपैकी काही २०१५ पासून डिजिलॉकरमध्ये मिळतात, तेवढी चिंता कमी. दुसरा ढीग बहुधा लहान निघतो. सगळी शक्ती त्याच्यासाठी राखावी.

"ग्रुपवर टाकलेत की!"

फोटो कुठे आहेत, असे विचारले की हे उत्तर हमखास येते. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत दाबून लहान केलेला असतो. पेन ड्राइव्ह ही ने-आण करायची वस्तू. वर्षानुवर्षे खणात पडून राहायची ती नव्हे. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडींचा थर कालांतराने खराब होतो, आणि त्या वाचणारे यंत्र नव्या संगणकात येतच नाही.

मग क्लाउड का नको? जरूर असावा. पण त्याचे नियम आपण ठरवत नाही. गुगलने फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद केली आणि सगळे मिळून पंधरा गीगाबाइटचा हिशेब सुरू झाला. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरणही त्यांनी डिसेंबर २०२३ पासून अमलात आणायला सुरुवात केली. घरातले कुणी वारले असेल आणि त्यांचे फोटो त्यांच्याच खात्यात असतील, तर हे ध्यानात घ्यावे. शिवाय बहुतेक ठिकाणी फोन आणि क्लाउड यांचे नाते आरशासारखे असते : फोनमधून पुसले, की तिकडूनही पुसले जाते. वेळेचाही हिशेब आहे. ५० मेगाबिटचा वेग अखंड मिळाला, तरी एक टेराबाइट वर चढवायला सुमारे ४५ तास लागतात.

तेव्हा घरात स्वतःचे कोठार असावे आणि क्लाउड त्याच्या जोडीला असावा, हे मला व्यवहार्य वाटते. अशा कोठाराला संगणकाच्या दुकानात 'नॅस' म्हणतात. चपलांच्या खोक्याएवढी पेटी, आत दोन, चार किंवा अधिक डिस्कचे कप्पे, मागे राउटरला जोडायची वायर. घरातला प्रत्येक फोन आणि संगणक तिच्यात आपापले सामान ठेवू शकतो. पेटी आणि डिस्क बहुधा वेगवेगळ्या घ्याव्या लागतात, हे अंदाजपत्रक करताना विसरू नये.

सात, पाच आणि बारा

या पेटीचे खरे मर्म आहे एका जुन्या कल्पनेत. १९८८ मध्ये अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. त्या काळी मोठ्या संगणकांच्या डिस्क अतिशय महाग होत्या, तर टेबलावरच्या लहान संगणकांच्या स्वस्त. मग पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधून महागाचे काम का करून घेऊ नये? अडचण उघड होती. डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. उपाय त्यांनी असा सुचवला, की थोडी जागा मुद्दाम 'जास्तीची' ठेवायची आणि तिच्यात हरवलेले परत काढण्याची सोय करायची. या रचनेला त्यांनी 'रेड' असे नाव दिले.

हे गणित शाळकरी मुलालाही समजेल. समजा, पहिल्या डिस्कवर ७ हा आकडा आहे, दुसरीवर ५. तिसरीवर आपण दोघांची बेरीज १२ लिहून ठेवली. आता तिघींपैकी कोणतीही एक जळाली, तरी उरलेल्या दोघींवरून तिचा आकडा काढता येतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी थोडी वेगळी क्रिया असते, पण तत्त्व हेच.

बाजारात याचे प्रकार क्रमांकाने ओळखले जातात. 'रेड शून्य' घरी घेऊच नये. त्यात जास्तीचे काहीच नसते, आणि एक डिस्क गेली की सगळे जाते. 'रेड एक' म्हणजे आरसा : दोन डिस्क, दोन्हींवर तेच. चार टेराबाइटच्या दोन घातल्या, तर वापरायला चारच मिळतात. 'रेड पाच' म्हणजे वरची बेरीज : चार टेराबाइटच्या चार डिस्कमध्ये बारा टेराबाइट मिळतात आणि एक डिस्क गेलेली चालते. 'रेड सहा' मध्ये आठ मिळतात, पण दोन गेलेल्या चालतात.

दोन कशाला जातील, असे वाटेल. पण एक डिस्क बदलल्यावर नवी भरून काढण्यासाठी उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. आजच्या मोठ्या डिस्कना या कामाला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. त्या डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच वयाच्या असतात. नेमक्या या ताणाच्या वेळी दुसरी कोसळली, तर रेड पाच हात टेकते. म्हणून दोन कप्प्यांच्या पेटीत आरसा आणि मोठ्या डिस्क चार किंवा अधिक झाल्या, की रेड सहा, असा माझा सल्ला असतो.

वाढणारे घर, वाढणारा साठा

खरेदी करताना मी लोकांना चार कप्प्यांची पेटी घेऊन तिच्यात आधी दोनच डिस्क बसवायला सांगतो. पुढे मुलांचे लग्न, नातवंडे, साठा वाढला, की तिसरी-चौथी घालता येते. पेटी घेताना विचारायचा प्रश्न एकच : पुढे वेगळ्या मापाची, मोठी डिस्क घातली तर हिची व्यवस्था ती जागा वापरू शकते का? 'सिनॉलॉजी'ची संमिश्र पद्धत किंवा 'अनरेड' यांत लहान-मोठ्या डिस्क एकत्र नांदतात. अनरेडमध्ये बेरीज ठेवणारी डिस्क सगळ्यांत मोठीइतकी तरी असावी लागते, एवढीच अट. 'झेडएफएस' ही फार विश्वासू व्यवस्था. पण तिच्यातल्या रेड पाच-सहासारख्या बांधणीत एकेक डिस्क वाढवण्याची सोय नव्हती. ती जानेवारी २०२५ मध्ये तिच्या २.३ आवृत्तीत आली. जुन्या संगणकावर 'ट्रूनॅस'सारखी फुकट प्रणाली घालूनही कोठार उभे राहते, मात्र घरात त्याची आवड असणारे कुणी हवे.

डिस्क घेतानाही एक चौकशी करावी. काही डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या घराच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे जागा जास्त मिळते, पण पुन्हा लिहिताना शेजारच्या पट्ट्याही लिहाव्या लागतात आणि भरून काढण्याचे काम फार रेंगाळते. अशा डिस्कना 'एसएमआर' म्हणतात. पेटीसाठी 'सीएमआर' मागाव्यात.

आपल्याकडे आणखी एक खर्च धरावाच लागतो, तो यूपीएसचा. लिहिता लिहिता वीज गेली, तर साठा अर्धवट राहतो. पेटीला यूएसबीच्या वायरने जोडता येणारा यूपीएस घेतला, तर तो वीज गेल्याचे पेटीला कळवतो आणि पेटी शिस्तीत बंद होते. विजेच्या बिलाचा धसका मात्र नको. दोन डिस्कच्या पेटीला पंचवीस वॉट धरले, तरी वर्षाला सुमारे २२० युनिट होतात.

दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे

माझ्या घरी पेटी आली तेव्हा आत्या पाहायला आली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, दोन डिस्क घातल्यास आणि जागा एकीचीच? मग दुसरीचे पैसे वायाच गेले की."

मी म्हटले, "अगं आत्या, तुझ्या घराची दुसरी किल्ली तू शेजारच्या काकूंकडे ठेवतेस. ती रोज लागते का?"

"पण मी ती काकूंकडे ठेवते," आत्या म्हणाली. "माझ्याच पर्समध्ये दोन्ही ठेवल्या तर काय उपयोग? पर्सच हरवली म्हणजे?"

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याने विषयाच्या गाभ्यावरच बोट ठेवले. रेड वाचवते ते फक्त डिस्क बिघडण्यापासून. चोर पेटीच उचलून नेतो. आग आणि पूर कप्पे मोजत नाहीत. नातवाने चुकून 'सहल' नावाचे पाकीट पुसले, तर आरसा इमानेइतबारे दुसऱ्या डिस्कवरूनही ते पुसतो. आणि खंडणीखोर प्रोग्रॅम घुसला, तर तो दोन्ही प्रतींना एकदमच कुलूप लावतो. २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या अशाच प्रोग्रॅमने इंटरनेटला थेट उघड्या ठेवलेल्या हजारो पेट्यांतल्या फाइल अडकवून पैसे मागितले होते. म्हणून पेटीला बाहेरून थेट वाट देऊ नये, तिची प्रणाली अद्ययावत ठेवावी आणि 'स्नॅपशॉट'ची सोय चालू करावी. म्हणजे कालची, परवाची स्थिती परत आणता येते.

पुराचे उदाहरण दूरचे नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. माझ्या मावसभावाचे घर तळमजल्यावर. तो मुळात काटेकोर माणूस. संगणकातल्या प्रत्येक गोष्टीची प्रत तो बाहेरच्या डिस्कवर दर महिन्याला घेत असे. ती डिस्क संगणकाच्या टेबलाच्या खणात असे. चिखल उपसल्यावर दोन्ही एकाच जागी सापडले.

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी लोकप्रिय केलेला एक नियम यासाठी पाठ करण्याजोगा आहे : तीन, दोन, एक. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आमच्या घरी त्याचे रूप असे आहे. सगळा साठा पेटीत, आरशासह. त्याची प्रत पासवर्डने कुलूपबंद केलेल्या दोन सुट्या डिस्कवर. एक माझ्याकडे, एक नाशिकला बहिणीकडे. राखीपौर्णिमेला आणि भाऊबीजेला आम्ही त्यांची अदलाबदल करतो. ओवाळणीच्या तबकाशेजारी डिस्क ठेवलेली पाहून सुरुवातीला सगळे हसले, पण तारीख चुकत नाही हा त्यातला फायदा. आणि जो 'गेला तर कायमचा गेला' असा लहान ढीग आहे, तो क्लाउडवरही आहे.

एकनाथांपुढची अडचण

डिस्क धडधाकट असताना आतली एखादी फाइल गुपचूप बिघडते, हा आणखी सूक्ष्म धोका. आरशातल्या दोन प्रती वेगळ्या दिसू लागल्या, तर खरी कोणती? ही अडचण जुनीच आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकला होता होता अपपाठ शिरले होते. संत एकनाथांनी अनेक प्रती जमवून, ताडून, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्या हाताशी अनेक प्रती होत्या आणि निवाडा करणारी दृष्टी होती. एकच प्रत असती, तर चूक कुठे आहे हेही कळले नसते.

यंत्राला ती दृष्टी नसते, म्हणून त्याला साक्षीदार लागतो. झेडएफएस किंवा 'बीटीआरएफएस' या व्यवस्था माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत एक पडताळणीचा आकडा लिहून ठेवतात. वाचताना आकडा जुळला नाही, की ती प्रत खोटी ठरते आणि दुसरीवरून दुरुस्त होते. ही तपासणी महिन्यातून एकदा आपोआप व्हावी, अशी पेटीत नोंद करून ठेवावी.

प्रत परत येते का?

प्रत घेतली जाते आहे, या समाधानावर राहणेही धोक्याचे. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना कुणाच्या तरी एका आज्ञेने पिक्सारमधल्या त्याच्या फाइल भराभर पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रती काढायला गेले, तर त्या नीट घेतल्याच गेल्या नव्हत्या. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून गॅलिन सुसमन या अधिकारी बाईंच्या घरी एक संगणक ठेवलेला होता आणि त्यात बऱ्यापैकी ताजी प्रत होती. तो संगणक मोटारीतून सांभाळून आणला, म्हणून चित्रपट वाचला. एवढ्या मोठ्या संस्थेला अखेर एका घरातली प्रत उपयोगी पडली. आपण वर्षातून दोनदा तरी सुट्या डिस्कवरून पाच-दहा फाइल उघडून पाहाव्यात. ध्वनिमुद्रण ऐकावे, व्हिडिओ शेवटपर्यंत चालवावा.

डिस्क जाणार हे गृहीत धरावे. हजारो डिस्क एकत्र चालवणारी 'बॅकब्लेझ' ही अमेरिकी कंपनी २०१३ पासून आपले आकडे जाहीर करते. त्यांच्याकडे अलीकडे वर्षाला शंभरातल्या एक-दोन डिस्क बिघडतात. आकडा लहान वाटतो, पण घरात चार डिस्क दहा वर्षे फिरत राहिल्या, तर त्यातली एखादी आपल्या वाट्याला येण्याची शक्यता बरीच असते. तिला बदलायचे पैसे बाजूला असावेत, इतकेच.

आणि शेवटचे काम कागदावरचे. पेटी कुठे आहे, तिचा पासवर्ड काय, सुट्या डिस्क कुणाकडे आहेत, हे एका कागदावर स्वच्छ मराठीत लिहून विम्याच्या कागदपत्रांशेजारी ठेवावे आणि घरातल्या आणखी एकाला ते समजावून द्यावे. कुलूपबंद साठ्याची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर त्या माहितीचीही एकच प्रत आहे. घरातला जाणकार अचानक गेला आणि पेटी उघडताच आली नाही, अशी कुटुंबे माझ्याकडे आलेली आहेत.

पेटी कोणती, कप्पे किती, हे पुढच्या महिन्यात ठरवले तरी चालेल. आज रविवार आहे. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा आवाज कोणत्या फाइलमध्ये आहे ते शोधा. नसेल, तर जेवण झाल्यावर त्यांना बोलते करा आणि फोन समोर ठेवा. मग त्या फाइलची एक प्रत करून संध्याकाळी भावाच्या किंवा बहिणीच्या घरी पोचवा.